चूक कोणाची, दंड कोणास?

आमचे एक वयोवृद्ध स्नेही, ज्यांची उभी हयात सरकारी हिशेबतपासणीच्या खात्यात गेली आणि ज्यांच्या लाल शाईने एकेकाळी भल्याभल्या खातेप्रमुखांची झोप उडविली, त्यांनी गेल्या पंधरवड्यात मला नऊ फुलस्केप पानांचे एक पत्र धाडले. पत्राचे निमित्त त्यांचा नातू. हे चिरंजीव आता साडेसात महिन्यांचे झाले असून, जन्मतः प्रसूतिगृहात जे काही दिले गेले तेवढे वगळल्यास त्यांना अद्यापि एकही लस मिळालेली नाही. ती पुढेही देऊ नये असा निर्णय आजोबांनी घेतला आहे, आणि घरातील तरुण मंडळींनी, काही आदरापोटी व काही वादाच्या कंटाळ्यापोटी, तो मान्य केला आहे. पत्राच्या अखेरीस ‘यातील एक तरी मुद्दा खोडून दाखवा’ असे आव्हान आहे. आव्हान खासगी होते. परंतु त्यातील मुद्दे अलीकडे इतक्या सुशिक्षित दिवाणखान्यांतून कानी पडतात की, उत्तर जाहीरपणे देण्याची परवानगी मी मागितली, आणि नाव न छापण्याच्या अटीवर त्यांनी ती मोठ्या उमदेपणाने दिली.

प्रथम एक कबुली दिली पाहिजे. लसीचा कैवार घेणाऱ्यांना एक वाईट खोड आहे: शंका विचारणाऱ्या बापाला ते अडाणी ठरवितात, टोचल्यानंतर तापाने फणफणलेल्या पोराला रात्रभर मांडीवर घेऊन बसलेल्या आईला ‘काही होत नाही’ एवढ्या तीन शब्दांत वाटेला लावतात, आणि मग लोकांचा विश्वास का उडाला म्हणून आश्चर्य करीत बसतात. काही होत नाही हे खरे नव्हे. घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वात यांवरील त्रिगुणी लसीने ताप येतो, मांडी सुजते, मूल किरकिरते. क्वचित, फार क्वचित, याहून गंभीरही काही घडते. आमच्या स्नेह्यांनी पत्रात जेवढे अपघात मोजले आहेत, त्यांहून अधिक मी स्वतःच पुढे मोजणार आहे. त्यांच्या यादीविषयी माझी तक्रार ती फार लांब आहे अशी नाही, ती मध्येच तुटते अशी आहे. तिच्यातील प्रत्येक नोंद अपघाताच्या दिवशी थांबते. दुसऱ्या दिवशी काय झाले, पुढल्या वर्षी काय झाले, याचा रकानाच तीत नाही. आणि ज्या गृहस्थांनी चाळीस वर्षे दुसऱ्यांच्या वह्यांतील गाळलेली पाने शोधून काढली, त्यांच्या नजरेतून हे निसटावे याचा मला खेद वाटतो.

पत्राची पहिली दोन पाने, लस ही साहेबाने आणलेली व दंडुक्याच्या जोरावर लादलेली वस्तू आहे, या प्रतिपादनात खर्ची पडली आहेत. साहेबाने आणली हे निर्विवाद. १७९६ च्या मे महिन्यात एडवर्ड जेन्नरने ग्लॉस्टरशायरमधील एका माळ्याच्या मुलाला गोस्तन देवी टोचल्या, आणि पुढच्या सहा वर्षांत ती लस व्हिएन्ना, कॉन्स्टँटिनोपल, बगदाद व बसरा असा द्राविडी प्रवास करून मुंबईस पोचली. १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर हिंदुस्थानातील पहिली टोचणी धरली, आणि तिच्या त्या एका फोडातून पुढे दुसऱ्या मुलांना लस मिळाली. शीतपेट्यांच्या पूर्वीची ती साखळी अशीच, दंडावरून दंडावर, चालत असे. परंतु देवीच्या फोडातील द्रव्य निरोग्याच्या कातडीत टोचून सौम्य देवी आणावयाच्या आणि त्यायोगे प्राणघातक देवी टाळावयाच्या, ही विद्या जेन्नरच्या जन्मापूर्वीच बंगालातील टिकादारांना अवगत होती. तेव्हा कल्पनेपुरते बोलावयाचे तर आम्ही साहेबाचे ऋणी नाही. त्याने केले ते एवढेच की, माणसाच्या देवीच्या ठिकाणी गाईची देवी योजून त्या जुन्या विद्येतला जिवाचा धोका बहुतांशी काढून टाकला.

दंडुक्याविषयी बोलताना स्नेह्यांनी १८९७ च्या पुण्यातील प्लेगचा दाखला दिला आहे. सोजिरांनी घरात शिरून घेतलेल्या झडत्या, देवघरापर्यंत गेलेले बूट, माणसांना उचलून छावण्यांत नेणे, आणि या सर्वाची परिणती म्हणून त्या वर्षीच्या २२ जूनच्या रात्री रँडसाहेबावर झाडली गेलेली गोळी, हा इतिहास मराठी माणसाला शिकवावा लागत नाही. पण त्या जुलमाच्या यादीत लस कोठे आहे? तो जुलूम झडतीचा होता, सक्तीच्या विलगीकरणाचा होता. त्याच रोगावर, त्याच वर्षाच्या १० जानेवारीस, मुंबईत वॉल्डेमार हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञाने आपण तयार केलेली प्लेगची लस प्रथम स्वतःच्या अंगावर टोचून घेतली, आणि त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील जे कैदी स्वेच्छेने पुढे आले त्यांना ती दिली. एकाच संकटात सत्तेने एक मार्ग धरला व शास्त्राने दुसरा; पहिल्याचे पाप दुसऱ्याच्या नावे टाकणे हे कोणत्या हिशेबपद्धतीत बसते?

मग महात्माजी येतात. त्यांचा देवीच्या लसीला विरोध होता, हे खरेच आहे, आणि तो लपविण्याचे मला कारण नाही. जनावराच्या अंगावर फोड उठवून त्यातून लस काढण्याच्या त्या काळच्या पद्धतीत त्यांना हिंसाही दिसे आणि अमंगळपणाही दिसे. आणि ती पद्धत ज्यांनी पाहिली असेल त्यांना तिटकारा यावा अशीच ती होती. परंतु महात्माजी १९४८ साली गेले. पोलिओची लस १९५५ ची, गोवराची १९६३ ची. जो दस्तऐवज मृत्यूनंतर लिहिला गेला, त्यावर मृताची सही दाखवू पाहणाऱ्या कारकुनाचे आमच्या स्नेह्यांनी आपल्या अमदानीत काय केले असते? राजाजींचा दाखला मात्र अधिक विचारार्ह आहे. १९५५ च्या सुमारास क्षयाविरुद्धच्या बी.सी.जी. मोहिमेवर राजाजींनी उघडपणे झोड उठविली, तेव्हा पुष्कळांनी त्यांना प्रगतीचे शत्रू ठरविले. आणि पुढे काय झाले? तमिळनाडूतील चेंगलपट्टू येथे १९६८ साली अडीच लाखांवर माणसांना घेऊन एक भव्य चाचणी सुरू करण्यात आली आणि तिचा निष्कर्ष असा निघाला की, प्रौढांच्या फुप्फुसाच्या क्षयापासून बी.सी.जी. संरक्षण देत नाही. हा निष्कर्ष लसवाल्यांनीच काढला आणि लसवाल्यांनीच छापला. बी.सी.जी. आज नवजात बालकाला देतात ती प्रौढपणीचा क्षय टळावा म्हणून नव्हे. तान्ह्या वयात क्षयाने मेंदूची आवरणे सुजून मूल हातचे जाते, त्यापासून ती वाचविते म्हणून. जे शास्त्र आपल्या मोहिमेविरुद्धचा निकाल स्वतःच्या दप्तरातून स्वतः काढून देते, त्याच्यावर अंधश्रद्धेचा आरोप ठेवताना माणसाने थोडे अडखळले पाहिजे.

चौथ्या पानावर पत्रातील सर्वांत वजनदार मुद्दा येतो. रोग हटविले ते नळाच्या पाण्याने, गटारांनी व पोटभर अन्नाने, लस मागाहून आली आणि आयत्या पिठावर रेघोट्या ओढून मोकळी झाली, असे स्नेह्यांचे म्हणणे. यात तथ्यांश नाही असे मी म्हणणार नाही. पटकी शुद्ध पाण्याने हटली, आणि पाश्चात्त्य देशांत गोवराने मरणाऱ्यांची संख्या लस निघण्यापूर्वीच पुष्कळ उतरली होती. परंतु मरणे कमी झाली म्हणजे रोग गेला असे होत नाही. १९६३ पूर्वीच्या अमेरिकेत, जेथे घरोघर नळ, साबण, दूध आणि शीतकपाट होते, तेथे दरसाल तीस-चाळीस लाख मुलांना गोवर येत असे व चार-पाचशे त्याने मरत असत. कारण गोवर श्वासावाटे जातो, आणि शेजारच्या मुलाच्या खोकल्याला तुमच्या गटाराची यत्ता ठाऊक नसते.

पोलिओची गोष्ट तर याहून विलक्षण आहे, आणि ती आमच्या स्नेह्यांना कोणी सांगितलेली दिसत नाही. पोलिओचा विषाणू विष्ठेवाटे, घाणेरड्या पाण्यावाटे व हातावाटे पसरतो. म्हणून स्वच्छता वाढली की तो नाहीसा व्हावा अशी कोणाचीही अटकळ असणार. प्रत्यक्षात घडले उलट. जुन्या अस्वच्छ जगात मूल तान्हे असतानाच, आईकडून मिळालेली प्रतिपिंडे अंगात शाबूत असतानाच, हा विषाणू त्याच्या पोटात जाई आणि बहुधा काही न बिघडवता निघून जाई. स्वच्छ देशांत ही गाठ लांबली. मूल पाच-दहा वर्षांचे, कधी तरुण, झाले आणि आईची ती शिदोरी संपली, तेव्हा विषाणू आला आणि मज्जारज्जूपर्यंत गेला. म्हणूनच पोलिओच्या मोठ्या साथी प्रथम उसळल्या त्या स्वीडन-अमेरिकेसारख्या टापटिपीच्या देशांत. १९५२ या एका वर्षी अमेरिकेत सत्तावन्न हजारांवर लोकांना पोलिओ झाला आणि तीन हजारांवर दगावले. लोखंडी फुप्फुसांच्या रांगा लागलेली ती इस्पितळे कोणत्या घाणीच्या राज्यात होती? आता याच चित्राची दुसरी बाजू पाहा. आपल्या देशात २००९ साली पोलिओचे ७४१ रुग्ण होते, २०१० मध्ये ४२, आणि २०११ मध्ये एक. १३ जानेवारीस हावडा जिल्ह्यात लुळी पडलेली ती बालिका अखेरची, आणि २७ मार्च २०१४ रोजी या भूभागाला पोलिओमुक्तीची सनद मिळाली. २००९ ते २०११ या दोन वर्षांत उत्तर प्रदेश व बिहारातील कोणती गटारे बांधून पुरी झाली आणि किती वस्त्यांना शुद्ध पाणी मिळाले, ते स्नेह्यांनी पावत्यांसह दाखवावे. पाणी तेच होते, उकिरडे तेच होते. बदलली ती लस, म्हणजे २०१० च्या जानेवारीपासून वापरात आलेले द्विगुणी थेंब. आणि वाढली ती शीतपेटी खांद्याला अडकवून दारोदार फिरणाऱ्या बायकांची पायपीट, मुलाच्या करंगळीवरची शाई आणि दाराच्या चौकटीवरची खडूची खूण. स्वच्छ अमेरिकेत पोलिओ होता आणि अस्वच्छ भारतातून तो गेला, या दोन नोंदी शेजारी ठेवल्या म्हणजे चौथे पान पुरे वाचण्याची गरज उरत नाही.

‘नैसर्गिक प्रतिकारशक्तीच खरी’ या पाचव्या पानाला मी त्यांच्याजवळ नसलेला एक उत्तम पुरावा आपण होऊन देतो. उत्तर अटलांटिकातील फेरो बेटांवर १७८१ नंतर गोवर फिरकलाच नव्हता. १८४६ साली तो एका जहाजावाटे पुन्हा आला, आणि सुमारे ७८०० वस्तीपैकी सहा हजारांना काही महिन्यांत त्याने गाठले. पाहणीसाठी धाडलेल्या पीटर पानुम या तरुण डॅनिश डॉक्टरला असे आढळले की, पासष्ट वर्षांपूर्वी ज्यांना गोवर येऊन गेला होता त्या म्हाताऱ्यांपैकी एकालाही तो पुन्हा झाला नाही. म्हणजे निसर्गाने दिलेली सनद जन्मभर टिकते, हे मान्य. प्रश्न तिच्या किमतीचा आहे. गोवर न्यूमोनिया देतो, डोळे नेतो, कधी मेंदू सुजवितो, आणि क्वचित सात-आठ वर्षे दबा धरून बसून बऱ्या झालेल्या मुलाचा मेंदू हळूहळू खाऊन टाकतो. याखेरीज त्याची एक करणी अलीकडेच उजेडात आली आहे: २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, लस न घेतलेल्या डच मुलांच्या रक्तातील इतर रोगांविरुद्धची प्रतिपिंडे गोवरानंतर अकरापासून त्र्याहत्तर टक्क्यांपर्यंत नाहीशी झालेली आढळली. ज्या निसर्गदत्त प्रतिकारशक्तीचे स्नेही गोडवे गातात, तिचे सारे जुने दप्तर हा पाहुणा जाताना जाळून जातो. आणि धनुर्वाताच्या बाबतीत तर निसर्ग एवढीही सनद देत नाही. धनुर्वातातून वाचलेल्या माणसाला तो पुन्हा होऊ शकतो. कारण या विषाची प्राण घेण्यास पुरेशी मात्राच इतकी अल्प असते की, शरीराला शत्रूची ओळख पटण्यास अवकाशच मिळत नाही. आमच्याकडे पाचवी-सहावीला सटवाई पुजतात, बाळाच्या उशाशी कोरा कागद व लेखणी ठेवून रात्र जागवितात. विळ्याने नाळ कापण्याच्या काळात, पहिले चार दिवस हसतखेळत दूध प्यालेले मूल नेमके त्याच सुमारास तोंड मिटून धनुष्यासारखे ताठ होई. त्या रात्रीच्या जागरणात केवढे भय साठले असेल! गर्भवतीला धनुर्वाताची लस मिळू लागली, बाळंतपणे स्वच्छ हातांत गेली, आणि २०१५ साली हे संकट देशातून जवळजवळ हद्दपार झाल्याचा दाखला मिळाला. येथे स्वच्छतेचा वाटा मी आनंदाने मान्य करतो.

आता अपघातांची यादी. स्नेह्यांनी तीन दिले आहेत. माझ्या वहीत अधिक आहेत. १९०२ च्या ३० ऑक्टोबरला पंजाबातील मलकोवाल गावी हाफकिनची प्लेगची लस १०७ जणांना टोचण्यात आली, आणि त्यांपैकी एकाच बाटलीतून टोचलेले एकोणीस जण धनुर्वाताने मेले. १९३० साली जर्मनीतील ल्यूबेक शहरी बी.सी.जी.मध्ये क्षयाचे जहाल जंतू मिसळले गेले आणि सत्तरांवर तान्ही मुले दगावली. १९५५ च्या एप्रिलात, साल्कच्या पोलिओच्या लसीचा जयजयकार चालू असतानाच, एका अमेरिकन कारखान्याच्या लसीत विषाणू जिवंत राहिले. सुमारे दोनशे जणांना पक्षाघात झाला व दहा मेले. तोंडावाटे द्यावयाच्या पोलिओच्या थेंबांनी, पहिल्या मात्रेच्या सुमारे सत्तावीस लाखांत एक, या प्रमाणात मुलाला खुद्द तोच पक्षाघात होऊ शकतो. आणि फार दूर कशाला, २०२१ च्या ३१ जानेवारीस आमच्या यवतमाळ जिल्ह्यात बारा मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात धुण्याचे सॅनिटायझर पाजण्यात आले. मुले वाचली, हे नशीब.

ही झाली नावेची बाजू, आणि ती मी कमी करून दाखविलेली नाही. आता तो गाळलेला रकाना भरू. मलकोवालनंतर चौकशी झाली, हाफकिनला दूर करण्यात आले. परंतु पुरावा पुन्हा तपासला असता असे दिसले की, बाटली उघडताना मदतनिसाचा चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करताच त्याने बूच काढले होते. १९०७ साली रोनाल्ड रॉससारख्या शास्त्रज्ञांनी जाहीरपणे हाफकिनची बाजू घेतली व तो निर्दोष ठरला. परळच्या ज्या संस्थेत त्याने काम केले तिला १९२५ पासून त्याचेच नाव आहे. ल्यूबेकमध्ये दोष लसीचा नव्हता, ती बनविणाऱ्या तेथील प्रयोगशाळेचा होता. अमेरिकेतील तो माल तत्काळ परत घेण्यात आला, तपासणीचे नियम कडक झाले, मोहीम पुन्हा सुरू झाली आणि त्या देशातून पोलिओ गेला. थेंबांचा दोष ओळखून आपल्याकडे २०१५ पासून सुईवाटे द्यावयाची लस जोडण्यात आली, आणि २०१६ च्या एप्रिलात थेंबांतील दुसऱ्या प्रकारचा विषाणू काढून टाकण्यात आला. प्रत्येक वेळी चूक शोधली गेली, तिला नाव मिळाले आणि दोष अखेर चुकणाऱ्याच्याच नावे पडला. ज्या ठिकाणी दंड भलत्यालाच झाला, त्या ठिकाणांची हकीकत मला जरा विस्ताराने सांगू द्या. कारण आमच्या स्नेह्यांचा नातू नेमका त्या ठिकाणी उभा आहे.

प्रशांत महासागरात सामोआ नावाचे दोन लाख वस्तीचे एक बेटराष्ट्र आहे. तेथे २०१८ च्या जुलैत, एकाच दिवशी, वर्षभराची दोन मुले गोवर-गालगुंड-रुबेलाची लस टोचल्यावर काही मिनिटांत मेली. ही लस भुकटीच्या स्वरूपात येते व टोचण्यापूर्वी शुद्ध पाण्यात कालवावी लागते. परिचारिकांनी पाण्याऐवजी, शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू शिथिल करण्यासाठी वापरतात ते, तेही मुदत संपलेले, औषध तीत कालविले होते. चूक भयंकर होती आणि ती चूक करणाऱ्या दोघींना पुढे न्यायालयाने पाच-पाच वर्षांची शिक्षा दिली. पण तो निकाल लागण्यापूर्वीच लसीला शिक्षा होऊन चुकली होती. सरकारने हे लसीकरणच कित्येक महिने तहकूब ठेवले. ते पुन्हा चालू झाले तरी आया मुले घेऊन येईनात. गोवराची पहिली मात्रा मिळालेल्या तान्ह्यांचे प्रमाण, जे आधीच समाधानकारक नव्हते, ते एक तृतीयांशाच्या आसपास घसरले. आणि २०१९ च्या उत्तरार्धात बाहेरून गोवर आला. त्या चिमुकल्या देशात ५७०० जणांना तो झाला व ८३ जण मेले, त्यांतील बहुसंख्य पाच वर्षांच्या आतील मुले. डिसेंबरात सरकारने दोन दिवस साऱ्या कचेऱ्या बंद ठेवून हुकूम काढला की, ज्या घरात लस न घेतलेले माणूस असेल त्या घरावर लाल फडके बांधावे. आणि ज्या लोकांनी दीड वर्षापूर्वी लसीकडे पाठ फिरविली होती, तेच लोक दारावर लाल चिंधी बांधून, रस्त्यावरून येणाऱ्या पथकाची वाट पाहत बसले. दोन मुले परिचारिकांच्या चुकीने गेली. नंतरची त्र्याऐंशी कोणाच्या चुकीने गेली, हा प्रश्न मी स्नेह्यांना आदरपूर्वक विचारतो.

सामोआ लहान व दूर म्हणून कोणी बाजूस सारील, तर जपान घ्या. १९७४-७५ च्या हिवाळ्यात त्रिगुणी लसीनंतर तेथे दोन बालके दगावली. लस काही काळ थांबविण्यात आली, मग ती दोन वर्षांच्या वयापासून द्यावी असे ठरले, आणि लोकांनी ती जवळजवळ सोडूनच दिली. १९७४ साली त्या देशात डांग्या खोकल्याचे चारशेही रुग्ण नव्हते व मृत्यू एकही नव्हता. १९७९ साली तेरा हजारांवर रुग्ण झाले आणि एक्केचाळीस मेले. डांग्या खोकला सर्वांत निर्दय होतो तो सहा महिन्यांखालील बाळाशी; त्याला धड खोकताही येत नाही, ते निळे पडते आणि श्वास थांबतो. परंतु जपान्यांनी पुढे जे केले ते टीकाकारांनी ध्यानी घेण्यासारखे आहे. ताप आणणारा दोष जुन्या लसीत होताच, तेव्हा त्यांनी संपूर्ण जंतूऐवजी त्याचे मोजके अंश घेऊन अधिक सौम्य लस तयार केली व १९८१ पासून ती वापरात आणली. लसीवरच्या टीकेतून यापेक्षा अधिक चांगले फळ निघू शकत नाही. अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने, आणि ब्रिटनमध्ये त्याही आधी १९७९ मध्ये, लसीमुळे अपाय झालेल्या मुलाला भरपाई देण्याची तजवीज झाली. तशी निश्चित, विनाविलंब आणि कोर्टाच्या पायऱ्या न झिजविता मिळणारी भरपाई येथेही असावी, प्रत्येक दुष्परिणामाची नोंद जाहीर व्हावी, प्रत्येक केंद्रावर बाटलीवरील उष्णतादर्शक खूण आईला दाखवूनच सुई भरावी, अशा मागण्यांचे नऊ पानी पत्र स्नेह्यांनी लिहिले असते, तर त्याखाली मी पहिली सही केली असती.

गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीने स्वमग्नता येते हा मुद्दा पत्रात अर्धेच पान आहे आणि तो तेवढ्याच पानाच्या लायकीचा आहे. १९९८ साली एका इंग्रज डॉक्टरने बारा मुलांच्या आधारे तो काढला. खटला भरू पाहणाऱ्या वकिलांकडून त्याने पैसे घेतल्याचे उघडकीस आले. २०१० साली ‘लॅन्सेट’ने तो निबंध मागे घेतला व त्याच वर्षी त्या डॉक्टरचा परवाना गेला. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांवर मुलांची पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. लस घेतलेल्यांत व न घेतलेल्यांत या बाबतीत फरक आढळला नाही. मूल बोलू का लागत नाही याची चिंता ज्या वयात सुरू होते, त्याच वयात ही लस पडते, एवढाच काय तो संबंध.

राहिला कारखानदारांचा नफा. ते नफा मिळवितात, पुण्यातलेही मिळवितात, आणि त्यांच्यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवली पाहिजे याबद्दल मतभेद नाही. तरीही एक जुनी नोंद: देवीचा अखेरचा नैसर्गिक रुग्ण १९७७ च्या ऑक्टोबरात सोमालियात सापडला, ८ मे १९८० रोजी देवीचे उच्चाटन जाहीर झाले, आणि जगाने देवीची लस टोचणेच थांबविले. आपली पेठ आपल्याच हाताने कायमची उठविणारा हा कोणता धूर्त व्यापारी?

शेवटच्या पानावर स्नेही खरे ते बोलून जातात: ‘आसपासच्या सर्व मुलांना लस दिलेलीच असते, एकट्या आमच्या नातवाने काय बिघडते?’ म्हणजे लस काम करते, हे त्यांना मान्य आहे! आठ पाने जिला निरुपयोगी ठरविले, तिच्याच भिंतीआड नवव्या पानावर नातवाला बसविले आहे. आणि ही आयत्या बिळावरची नागोबागिरी आयुष्यभर दुसऱ्याच्या फुकटेगिरीवर शेरे मारलेल्या माणसाने करावी, हे मला सर्वांत लागले. शिवाय ती भिंत त्यांना वाटते तितकी भरीव नाही. धनुर्वात मातीतून येतो. शेजाऱ्याच्या लसीशी त्याचे देणेघेणे नाही. गोवर इतका संसर्गजन्य आहे की शंभरांतील पंचाण्णव मुले सुरक्षित असल्याखेरीज तो अडत नाही, आणि ती पाच जागांची शिल्लक दुसऱ्यांसाठी राखून ठेवलेली आहे: कर्करोगाचे उपचार चालू असलेल्या मुलासाठी, आणि नऊ महिन्यांच्या आतील अशा बाळांसाठी की ज्यांच्या अंगातील आईची प्रतिपिंडे लस पुरती धरू देत नाहीत. करोनाच्या काळात मात्रा चुकलेल्या वस्त्यांत २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात गोवर शिरला तो गोवंडीत, आणि पाठोपाठ भिवंडी व मालेगावात. तेथेही बालके दगावली. ती वस्ती दूर, गरिबांची, असे कोणी मनात आणू नये. स्नेह्यांच्या घरी धुणेभांडी करणारी बाई रोज कोणत्या तरी वस्तीतूनच येते, आणि गोवराचा रोगी खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत त्याचे विषाणू त्या हवेत राहू शकतात.

स्नेह्यांच्या उजव्या की डाव्या दंडावर ते मला नक्की आठवत नाही, पण देवीच्या टोचणीचे दोन गोल वण आहेत; गेल्या उन्हाळ्यात विहिरीवर मी ते पाहिले. त्यांच्या आईने, बाहेर मांडलेल्या टेबलापाशी रांगेत उभे राहून, रडणाऱ्या मुलाचा तो दंड धरून ठेवला असणार. नातवाच्या पेंटाव्हॅलंट लसीच्या सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्याच्या मात्रा चुकल्या आहेत खऱ्या, परंतु वर्षाच्या आत ती मालिका सुरू करता येते, आणि आमच्या भागातील नर्सबाई दर बुधवारी बसतात. गोवर-रुबेलाच्या पहिल्या मात्रेला नऊ महिने पुरे व्हावे लागतात. माझ्या हिशेबाने त्याला अजून सहा आठवडे आहेत.